कौतुक पुरे, किलोमीटर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या युटा राज्यातील आर्चेस नॅशनल पार्कमधल्या दगडी कमानींवर पानभर लेख आला. फोटो छान, छपाई छान. 'डोळ्यांचे पारणे फिटले', 'निसर्गाचा अद्भुत आविष्कार', 'शब्द अपुरे पडतात' हे सगळे त्यात आहे. शब्द अपुरे पडतात हे सांगायला पूर्ण पान लागले, त्यालाही माझी हरकत नाही. पण कमानीपर्यंत चालायचे किती, चढ किती, वाटेत सावली आहे का, पाणी कुठे मिळते, कोणत्या महिन्यात जावे आणि गुडघे दुखणाऱ्याने जावे की गाडीत बसून राहावे, याबद्दल एक अक्षर नाही. माझी तक्रार तेवढीच आहे आणि त्यासाठीच हे लांबलेले पत्र.

मी लेखक वगैरे नाही. सारी नोकरी चादरीच्या कारखान्यात, डाईंगमध्ये म्हणजे रंगखात्यात झाली. मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो, त्याच्याबरोबर आम्ही या कमानी पाहून आलो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात आता दोन-चार घरांआड एखादे पोरगे तिकडे आहे. आई-वडील मुक्कामाला जातात, नातवंडे सांभाळतात आणि एखादी सुट्टी आली की मुलगा म्हणतो, चला, कुठेतरी फिरून येऊ. अशी माणसे आपली पुरवणी कापून जपून ठेवतात. माझ्या व्याह्यांनी ठेवली आहे. पुढच्या उन्हाळ्यात ते निघणार आहेत. वय सत्तरीला टेकलेले, बीपीची गोळी रोजची, आणि हातात आपले कात्रण. म्हणून काळजी वाटते.

आमच्या गल्लीतले एक जोडपे जूनमध्ये एका ट्रॅव्हल कंपनीच्या बसने तिथे जाऊन आले. कार्यक्रमात 'डेलिकेट आर्च दर्शन' असे छापले होते; डेलिकेट आर्च ही तिथली सगळ्यात नावाजलेली कमान. दर्शन झाले ते असे: बस खालच्या व्ह्यू पॉइंटच्या पार्किंगला लागली, गाइडने पाऊण तास दिला, सगळे शंभरेक पावले चालून उभे राहिले आणि समोर मैलभर लांब डोंगराच्या कडेला एवढीशी कमान दिसली. मोबाइलच्या फोटोत ती शोधावी लागते. काकू मला म्हणाल्या, "अण्णा, त्यापेक्षा आपल्या तिरुमलाचं शिळातोरण मोठं दिसतं की हो."

काकूंचे काही चुकले नाही. बालाजीला जाणाऱ्या सोलापूरकरांनी शिळातोरण पाहिलेले असते. ते साधारण सव्वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे, देवळापासून जवळ आहे आणि माणूस त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. डेलिकेट आर्चच्या कमानीखालची मोकळी जागाच ४६ फूट उंच आणि ३२ फूट रुंद आहे. त्या पोकळीत आपल्याकडची तीन मजल्यांची इमारत गच्चीसह बसेल. पण ते कळायला जवळ जावे लागते आणि जवळ बस जात नाही. मैलभरावरून बघणाऱ्याला छेचाळीस काय आणि सहा काय.

ज्याला ती खरोखर बघायची आहे त्याने वूल्फ रँच नावाच्या पार्किंगपासून चालायला लागावे. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर, चढ सुमारे पाचशे फूट. पायाला सवय असलेला माणूस दोन तासांत परत येतो. साठीच्या पुढच्यांनी तीन तास धरावेत. सुरुवातीलाच एक लाकडी खोली लागते. जॉन वूल्फ नावाचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला माणूस १८९८ साली मोठ्या मुलाला घेऊन इथे गुरे पाळायला आला. १९०६ मध्ये त्याची मुलगी संसार घेऊन राहायला आली, तिने जुनी खोली बघून नापसंती दाखवली आणि बापाला ही नवी बांधावी लागली. मला ही हकिगत फार आवडली. वाळवंटात गेला तरी लेकीपुढे बापाचे चालत नाही. १९१० मध्ये सगळे कुटुंब गाव गाठायला परत फिरले.

खोलीच्या पुढे ओढ्यावर छोटा पूल आहे आणि पुलापलीकडे डाव्या हाताला जरा वाकडी वाट करून गेले की खडकावर यूट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी कोरलेली चित्रे आहेत: घोड्यावर बसलेली माणसे, मोठ्या शिंगांच्या मेंढ्या. घोडे आहेत म्हणजे स्पॅनिश लोकांनी तिकडे घोडे आणल्यानंतरचीच ती असणार. १६५० ते १८५० च्या दरम्यानची मानतात. बहुतेक लोक कमानीच्या घाईत ती सोडून देतात. सोडू नयेत. पाच मिनिटांचे काम आहे.

मग मातीची पायवाट संपते आणि उघडा खडक सुरू होतो. एकच सलग, फिकट भगव्या रंगाची उतरती पाठ, अर्धा मैल वर जाणारी. तिच्यावर वाट म्हणून काही नसते. ठरावीक अंतरावर दगडावर दगड रचलेल्या छोट्या ढिगाऱ्या असतात, त्या बघत जायचे. खडक कोरडा असला तर बूट चांगला धरतो. पाऊस किंवा बर्फ पडलेला असेल तर मात्र तोच खडक पाय टिकू देत नाही, आणि हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. आपल्याकडचे बरेच जण चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालून निघतात. तसे करू नये. माझ्या सौ.ने मुलाच्या आग्रहाने खाचांचे बूट आणि एक काठी घेतली, आणि उतरताना त्या काठीनेच तिचे गुडघे वाचवले. चढायचे भय नाही. गुडघ्याची परीक्षा उतरताना असते.

शेवटचे दोनशे यार्ड कड्याच्या अंगाने कोरलेल्या धारेवरून जावे लागते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल दरी. दोन माणसे शेजारून जातील एवढी रुंदी आहे, पण ज्यांना उंचीवर गरगरते त्यांना हे आधी माहीत असावे. कमान तोवर दिसत नाही. धार संपून वळण घेतले की एकदम समोर येते, एका मोठ्या दगडी वाडग्याच्या काठावर उभी, मागे ला साल डोंगरांच्या शिखरांवर बर्फ. तिथे कठडा नाही. आम्ही बसलो होतो तेवढ्यात कोणाची तरी स्टीलची बाटली हातातून सुटली. ती उतारावर गडगडत गेली आणि तिचा ठणठण आवाज कितीतरी वेळ खालून येत राहिला. त्यानंतर सुनेने नातवाचा हात सोडला नाही.

कमानीखाली उभे राहून फोटो काढायला रांग असते. संध्याकाळी तर फारच. आपल्या माणसांना विनंती, की फोटो झाला की बाजूला व्हावे. मागचे लोक ओरडत नाहीत, नुसते बघत राहतात, आणि ते जास्त वाईट. कमानीवर चढायला बंदी आहे. २००६ साली एक नामांकित गिर्यारोहक डेलिकेट आर्चवर चढला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि नियम आणखी कडक केले गेले. ड्रोनलाही बंदी आहे.

आता उन्हाबद्दल, कारण व्याह्यांशी माझा वाद त्यावरूनच झाला. ते म्हणतात, "आपण सोलापूरचे. चव्वेचाळीस डिग्री बघितलेली माणसं. आपल्याला तिथलं ऊन काय करणार?" हे वाक्य मी तिकडे गेलेल्या प्रत्येक सोलापूरकराच्या तोंडून ऐकले आहे. आर्चेस पार्कात उन्हाळ्यात पारा अडतीसच्या वर जातो. अडतीस म्हणजे आपल्याकडची मार्चअखेरची दुपार, यात शंका नाही. पण मे महिन्यात दुपारी बारा ते चार सोलापूरकर काय करतो? दार ओढून, पडदा सोडून, कूलर लावून झोपतो. नवी पेठ ओस पडते. रिक्षावाला झाडाखाली रिक्षा लावतो. आपण ऊन सोसतो असे म्हणतो, पण खरे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऊन टाळायला शिकलो आहोत. भर दुपारी उघड्या खडकावर दोन-तीन तास चढत राहायचे, हे आपल्यापैकी कोणी सोलापुरातही करत नाही.

शिवाय तिथली हवा वेगळी. तो सारा मुलूख चार-साडेपाच हजार फूट उंचीवर आहे, म्हणजे उन्हाचा चटका जास्त. वर्षाचा पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आल्या आल्या वाळून जातो. शर्ट कोरडा म्हणून माणसाला वाटते आपल्याला घाम येत नाही, आणि पाणी प्यायचे राहून जाते. आमच्या गल्लीतल्या काकांना जूनमध्ये नुसत्या पार्किंगपासून खिडकीसारख्या कमानींपर्यंत जाऊन येताना चक्कर आली होती, आणि ते काही नाजूक गृहस्थ नव्हेत. जुलै २०२४ मध्ये शेजारच्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमध्ये वाट चुकून आणि पाणी संपून वडील आणि तरुण मुलगी, दोघेही गेले. त्या दिवशी तापमान अडतीसच्या वरच होते. ही बातमी मी व्याह्यांना दाखवली तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसले.

पार्कवाले सांगतात, दिवसभर फिरायचे तर माणशी चार लिटर पाणी; डेलिकेट आर्चला माणशी दोन लिटर तरी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरातले आपण, पाणी भरून ठेवायला आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी सहलीला निघताना अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघतो. तिथे वाटेत टपरी नाही, नारळवाला नाही, रसवंती नाही. पाणी मिळते ते दाराशी व्हिजिटर सेंटरला, आणि मग एकदम अठरा मैलांवर रस्त्याच्या शेवटी डेव्हिल्स गार्डनला. मधे काही नाही. बरोबर लिंबू-मीठ-साखर असावी. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे जायचे दिवस. तेव्हा दुपारी पंधरा ते सत्तावीसच्या दरम्यान असते आणि रात्री स्वेटर लागतो. दिवसरात्रीत वीस-बावीस डिग्रीचा फरक पडतो, हे आपल्याला नवे आहे. उन्हाळ्यातच जावे लागले तर सूर्य उगवताना चालायला लागावे आणि दहाच्या आत गाडीत परत.

लेखात एक चूकही आहे, ती सांगतो. 'हजारो वर्षे वाऱ्याने कोरलेल्या कमानी' असे छापले आहे. वाऱ्याचा हात त्यात थोडाच. मूळ काम मिठाचे आणि पाण्याचे. मी आयुष्यभर मीठ हाताळले. सुती धाग्याला रंग चढवायचा तर हौदात मीठ टाकावेच लागते, त्याशिवाय रंग पाण्यातून धाग्यात नीट उतरत नाही. त्यामुळे रेंजरने मिठाची गोष्ट सुरू केली तेव्हा मी पुढे जाऊन उभा राहिलो. तीस कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो पुन्हापुन्हा आटला आणि मिठाचे थर साचले, हजारो फूट जाडीचे. वर गाळ, वाळू यांचे थर बसले, त्यांचा दगड झाला. मिठावर इतका भार आला की ते स्थिर राहीना. दाबाखाली सरकते, फुगते, कुठे वर येते, कुठे विरघळून खाली पोकळी करते. वरचा दगड त्यामुळे उचलला गेला, खचला आणि त्याला समांतर भेगा पडल्या. त्या भेगा पावसाने रुंद केल्या आणि मधे दगडाच्या उंच पातळ भिंती उरल्या, दुकानात उभ्या लावलेल्या कडक भाकरीच्या चळतीसारख्या, एकीला लागून एक.

पुढचे काम पाण्याचे. वाळूच्या दगडातले कण चुन्यासारख्या पदार्थाने एकमेकांना धरून असतात. पावसाचे पाणी किंचित आंबट असते, ते हा चुना हळूहळू काढून टाकते. हिवाळ्यात भेगेत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि कपची उडवते. असे होत होत भिंतीला आरपार भोक पडते, भोक मोठे होते आणि कमान उभी राहते. ओढ्याने किंवा नदीने खालून दगड कापून काढलेला असेल तर त्याला ते नैसर्गिक पूल म्हणतात. कोलोरॅडो नदीच्या बाजूचा रेनबो ब्रिज तसा आहे, २९० फूट उंच, आणि तिथले मूळ रहिवासी नवाहो लोक तो पवित्र मानतात. पार्कात मात्र कमानी आहेत, दोन हजारांहून जास्त. आपल्या लेखात 'दोन हजार कमानींचे विहंगम दर्शन' असे आहे, पण कुठल्याही दिशेने तीन फूट उघडी असली की तिची नोंद होते. त्यातल्या कित्येक माणूस वाकूनही पार होणार नाही एवढ्या आहेत. विहंगम दर्शन कोणालाच होत नाही.

रंगाचे सांगायचे राहिले, आणि त्याबाबत मला गप्प बसवत नाही. लोक म्हणतात लाल दगड. लाल तो मुळीच नाही, निदान एक लाल नाही. सकाळी आठला गेरू, दुपारी उडालेला फिकट विटकरी, जसे चादर दहा वेळा धुतल्यावर होते तसा, आणि मावळतीला तोच दगड आतून नारिंगी. वाळूच्या प्रत्येक कणाला लोहाच्या गंजाचा पातळ लेप आहे, त्याचा हा रंग. काही थरांत तो लेप निघून गेला आहे, तिथे दगड पांढुरका आहे. कड्यांवरून काळे-करडे ओघळ उतरलेले दिसतात, रंगखान्याच्या भिंतीवर असतात तसेच. ती लोह आणि मँगनीजची पुटे आहेत आणि एक पातळ पुट बसायला हजारो वर्षे लागतात. जुनी चित्रे कोरणाऱ्यांनी हाच काळा थर खरवडून खालचा फिकट दगड उघडा केला आहे. शेड मॅच करणाऱ्या माणसाला तिथे एक दिवस पुरत नाही.

ज्यांना डेलिकेट आर्चचा चढ झेपणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. डबल आर्च पार्किंगपासून जाऊन-येऊन किलोमीटरभर आहे, जवळजवळ सपाट. एकाच बुडख्यातून निघालेल्या दोन कमानी, मोठी ११२ फूट उंच. खाली उभे राहून मान वर केली की टोपी पडते. समोरच नॉर्थ आणि साउथ विंडो. चढ आहे तो पायऱ्यापायऱ्यांचा, आणि अर्ध्यातून परत फिरले तरी काही बिघडत नाही. सँड ड्यून आर्च तर लहान मुलांसाठीच केल्यासारखी: दोन भिंतींच्या चिंचोळ्या फटीतून जायचे, आत सावली आणि मऊ वाळू. आम्ही दुपारी तिथेच बसलो. सौ.ने डब्यातून कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. अशा प्रवासाला याच्याइतके सोयीचे जेवण नाही: वजन नाही, आंबत नाही, पातळ काही सांडत नाही, आणि चटणीतले मीठ घामात गेलेले भरून काढते. फक्त भाकरी मोडताना तुकडे उडतात. एक खारीसारखा प्राणी लगेच हजर झाला. त्याला काही घालायचे नसते. नातवाने सगळे कण वेचून डब्यात टाकले, तेव्हाच आम्ही उठलो.

लँडस्केप आर्च चुकवू नये. डेव्हिल्स गार्डनपासून खडीची चांगली वाट आहे, जाऊन-येऊन तीन किलोमीटरच्या आत. ही कमान ३०६ फूट लांब आहे, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात लांब, आणि मधे एका जागी जेमतेम सहा फूट जाड. खरे सांगायचे तर तिच्याकडे बघताना छातीत धस्स होते. १९९१ च्या सप्टेंबरात तिच्या पोटातून साठ फूट लांबीची शिळा निखळून खाली आली. लोक जवळपास होते. कोणाला लागले नाही हे नशीब. कमानीखालून जाणारी वाट आता बंद आहे. आजही लोक कठडा ओलांडून खाली जाऊ का म्हणून बघत असतात. त्याच रस्त्यावर थोडे पुढे वॉल आर्च नावाची ७१ फुटांची कमान होती. ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्री ती कोसळली. कोणी पाहिले नाही, दुसऱ्या दिवशी वाटेवर दगडांचा ढीग होता. लेखात 'युगानुयुगे उभ्या' असे आहे, म्हणून हे सांगितले.

पार्कच्या बाहेर, कोलोरॅडो नदीच्या काठाने जाणाऱ्या पोटॅश रोडवर कोरोना आर्च आहे. ही माझी स्वतःची आवडती. गर्दी कमी, तिकीट नाही. वाट रेल्वेचा रूळ ओलांडते, मग खडकावर चढते. दोन ठिकाणी धरायला लोखंडी तार लावली आहे आणि एके ठिकाणी छोटी शिडी आहे. सौ.ने शिडीपाशी थांबून मला विचारले, "परत याच वाटेनं यायचं का?" हो म्हटल्यावर ती माझ्या आधी चढली. कमानीची पोकळी १४० फूट रुंद, १०५ फूट उंच. तिच्याखाली सावली मोठी पडते, तिथे निवांत बसता येते. तो रूळ पोटॅशच्या, म्हणजे खतात लागणाऱ्या क्षाराच्या, खाणीसाठी आहे. खाण काढते काय, तर तेच जमिनीखालचे मीठ, ज्याने या कमानींची सुरुवात केली. पाणी खाली सोडून क्षार विरघळवून वर आणतात आणि उघड्या तळ्यांत वाळवतात. ऊन जास्त शोषले जावे, पाणी लवकर उडावे म्हणून त्या तळ्यांच्या पाण्यात निळा रंग टाकतात. डोंगरावरून ती तळी इतकी निळी दिसतात की फोटोत खोटी वाटावीत. मुलगा म्हणाला, "बाबा, शेवटी तुम्ही इथेही रंगखाना शोधलात."

आणखी एक गोष्ट लेखात हवी होती. वाटेच्या कडेला जमिनीवर काळपट, खडबडीत, फुगीर पापुद्रा दिसतो. आपल्याला वाटते माती वाळून फुटली आहे. तो जिवंत असतो. सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल यांनी वाळू धरून ठेवलेली असते आणि बरीच झाडे त्याच्या आधाराने जगतात. एक पाऊल पडले तर तो भरून यायला कित्येक वर्षे, कधी दशके जातात. फोटोसाठी वाट सोडून आत जाणाऱ्यांत आपले लोक मी पाहिले आहेत. खडकावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत चालावे, पापुद्र्यावर नाही. ओढ्यातही आभाळ भरून आले असेल तर थांबू नये. पाऊस कुठेतरी लांब पडतो आणि लोंढा इथे येतो. दगडावर नाव कोरण्याबद्दल मी काही लिहीत नाही. आपल्या किल्ल्यांच्या भिंती सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

गर्दीच्या महिन्यांत आर्चेस पार्काने २०२२ पासून काही वर्षे आधी वेळ राखून प्रवेश देण्याची पद्धत चालवली. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी मुलाला पार्कच्या संकेतस्थळावर बघायला सांगावे. डेन्व्हरहून सहा तास गाडी हाकून दारातून परत फिरायची वेळ येऊ नये.

आता मागणी. पुरवणीत कुठल्याही चालायच्या ठिकाणाचा लेख आला की खाली चार ओळींची चौकट द्यावी: अंतर, चढ, पाणी, सावली आणि कोणत्या महिन्यात. अमेरिकेचेच असे नाही. रतनगडाच्या नेढ्यावर, म्हणजे डोंगरातल्या आरपार भोकावर, लेख येतो, राजगडाच्या सुवेळा माचीच्या नेढ्यावर येतो, जुन्नर तालुक्यात आणे घाटाजवळ गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल आहे त्यावर येतो. तिथेही हेच. 'वारा कानात शीळ घालतो' हे कळते, पण पायथ्यापासून किती तास ते कळत नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजता तिथे पोहोचलेले सोलापूरकर मला ठाऊक आहेत. जागा नसेल तर एखादे विशेषण काढावे. आपल्या लेखात ती मुबलक आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त डाईंग कामगार, पूर्व भाग, सोलापूर
(नाव व पत्ता सोबत वेगळा जोडला आहे, छापू नये.)

ता. क. लेखाच्या मधोमध जो मोठा फोटो आहे, ज्याच्या खाली 'डेलिकेट आर्च, सूर्यास्त' असे छापले आहे, तो डेलिकेट आर्चचा नाही आणि सूर्यास्ताचाही नाही. ती मेसा आर्च आहे, कॅनियनलँड्स पार्कातली, गाडीने जावे लागते असे वेगळे ठिकाण. ती कड्याच्या अगदी काठावर आहे. सकाळी खालच्या कड्यावर ऊन पडते आणि त्याचा उजेड कमानीच्या पोटावर परततो, म्हणून ती खालून पेटल्यासारखी दिसते. पार्किंगपासून जाऊन-येऊन किलोमीटरभरच आहे, चढ नगण्य. व्याह्यांना हीच दाखवायची असे ठरले आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी.